आयलंड किती मोठं करायचं? आमच्या रो-हाउसच्या स्वयंपाकघराच्या नोंदी (जानेवारी ते एप्रिल २०२५)

५ जानेवारी, रविवार

घर नाशिकचं, १९९८ साली बांधलेलं रो-हाउस. तळमजल्यावर स्वयंपाकघर ११ फूट बाय १० फूट, त्याला लागून जेवणाची खोली ११ बाय साडेअकरा, आणि मध्ये साडेचार इंची विटेची भिंत. सकाळी सहा ते आठ या वेळात ओट्याशी मी आणि नवरा असतो, पाच डबे भरायचे असतात. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, भिंतीपलीकडे जेवणाच्या टेबलावर बसून भाजी निवडतात. दर दोन मिनिटांनी कुणीतरी ताट, नाहीतर चाळणी घेऊन दारातून आत-बाहेर करतं. ही भिंत काढायची, दोन्ही खोल्या एक करायच्या आणि मध्ये आयलंड, म्हणजे चारही बाजूंनी मोकळा सुटा ओटा, बसवायचं असं आज ठरलं.

कागदावर पहिलं माप काढलं ते ७ फूट बाय साडेतीन फूट. ते कुठून आलं हे प्रामाणिकपणे लिहिते: मोबाईलवर साठवलेल्या फोटोंमधून. तीन खुर्च्या, मध्ये शेगडी, वर लटकते दिवे. त्या फोटोंतली स्वयंपाकघरं किती रुंद होती, हे मी एकदाही पाहिलं नव्हतं.

१२ जानेवारी, रविवार

भिंत अजून उभी आहे, त्यामुळे खोलीत मांडून बघता येत नाही. म्हणून गच्चीवर खडूने ११ बाय २२ फुटांची पूर्ण खोली आखली. पूर्वेला ओटा, कारण आमच्याकडे शेगडीसमोर उभं राहणाऱ्याचं तोंड पूर्वेला असतं आणि ते बदलायचं नाही हे आधीपासून ठरलेलं. पश्चिमेच्या भिंतीलगत हॉलमधून मागच्या दाराकडे जाणारी वाट. मध्ये ७ बाय साडेतीनचा चौकोन.

खडूच्या रेघांवरून सगळे आरामात चालले. सगळ्यांना वाटलं, भरपूर जागा आहे. पुढचे दोन दिवस मी याच समजुतीत होते.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

मुलं पतंगाला गच्चीवर होती. खडूचा चौकोन दिसल्यावर धाकटा सरळ त्यावरून पळाला. तेव्हा लक्षात आलं की सपाट रेघेला अंग लागत नाही. खाली जाऊन दोन लोखंडी ट्रंका, इस्त्रीचं टेबल आणि पुस्तकांची खोकी आणली आणि चौकोनावर कमरेएवढ्या उंचीचा ढीग रचला. ओट्याच्या जागी दिवाण आडवा उभा केला.

आता खरं चित्र दिसलं. ११ फूट म्हणजे १३२ इंच. त्यातून ओटा २४ आणि आयलंड ४२ गेले की उरतात ६६, दोन्ही बाजूंना ३३-३३ इंच. नवरा दोन हातांत कढई धरून ओट्याशी उभा राहिला आणि मी त्याच्या पाठीमागून जाऊन बघितलं. तिरकं होऊनही माझा खांदा त्याला लागला. ड्रॉवर उघडा असल्यासारखी एक खुर्ची २० इंच बाहेर ओढली, तर उरलेल्या १३ इंचांतून कुणीच जाऊ शकलं नाही. पश्चिमेच्या वाटेवरून रिकामं सिलिंडर नेऊन पाहिलं. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला ट्रंकेची कड, आणि उचललेल्या सिलिंडरची कडी दोनदा ट्रंकेला लागली.

त्या दिवशी हिशोबाची दिशा उलटी केली. आधी माणसांच्या वाटा ठरवायच्या, मग जे उरेल ते आयलंड. अमेरिकेतल्या नॅशनल किचन अँड बाथ असोसिएशनच्या मार्गदर्शिकेत एकटा माणूस काम करत असेल तर कामाची वाट ४२ इंच, दोघं असतील तर ४८, आणि नुसती ये-जा असेल तर ३६ दिलेली आहे. खोकी सरकवत आम्ही तिन्ही मापं करून बघितली. ४८ सोडलं तर आयलंड २४ इंचांवर येतं, त्यावर पोळपाट आणि परात शेजारी राहत नाहीत. ४२ मध्ये नवरा आणि मी पाठीला पाठ लावून काम करू शकलो, मध्ये कुणी आलं तर एकाने ओट्याला चिकटायचं. आमच्या सवयीला ते चालणारं आहे. म्हणून ठरलं: कामाची वाट ४२, ये-जा ३६, उरलं ते आयलंड, साधारण २९-३० इंच.

लेकीला त्याला लागून तीन उंच खुर्च्या हव्या होत्या. खुर्चीवर माणूस बसला की त्याच्या पाठीमागे दीड-दोन फूट जातात. ३६ इंचांच्या वाटेत ते बसवलं तर मागचं दार बंद केल्यासारखंच. लांब बाजूला बसण्याची जागा नाही, हे तिला गच्चीवरच खुर्ची मांडून दाखवलं. ती नाराज झाली, पण खुर्चीमागून वाट उरत नाही हे तिनेच आधी बोलून दाखवलं.

१९ जानेवारी, रविवार

आयलंडवर शेगडी आणि सिंक घ्यायचं का, यावर तीन संध्याकाळी गेल्या. दोन्ही नाही.

शेगडीचं कारण सरळ आहे. फोडणीचं तेल मागच्या वाटेकडे उडणार आणि त्या वाटेवरून साडेचार वर्षांचं मूल पळतं. शिवाय छताला टांगायची चिमणी भिंतीवरच्या चिमणीपेक्षा बरीच महाग पडते, आणि गॅसची नळी फरशीखालून न्यावी लागते, जी पुन्हा कधी डोळ्यांनी तपासता येत नाही.

सिंकवर मात्र मी अडून बसले होते. तळमजला आहे, खाली कुणाचं छत नाही, खोदता येतं, असा माझा मुद्दा. प्लंबरने टेप लावून दाखवलं: आयलंडपासून बाहेरच्या सांडपाण्याच्या चेंबरपर्यंत १२ फूट. ४० ला १ असा उतार धरला तर पाइप शेवटी साडेतीन इंचांहून जास्त खाली जातो. ते शक्य होतं. आई म्हणाल्या, “अगं, जेवायला बसलेल्यांच्या समोर खरकटी भांडी मांडायची का? आणि पाइप तुंबला तर फरशी फोडणार?” त्यांचं म्हणणं मला पटलं. आयलंड कोरडं ठेवायचं: पीठ मळणं, लाटणं, चिरणं, डबे भरणं.

२६ जानेवारी, रविवार

स्ट्रक्चरल इंजिनिअर येऊन गेले. फी २,५०० रुपये. भिंत साडेचार इंची, वर तुळई सलग आहे आणि वरच्या मजल्यावरची भिंत त्या तुळईवर बसली आहे. पाडायला हरकत नाही, पण घणाने नाही. वरून खाली एक-एक थर काढायचा आणि तुळईच्या तळाला हात लावायचा नाही, असं त्यांनी गवंड्याला समोर उभं करून सांगितलं. ज्यांची भिंत नऊ इंची, म्हणजे वरचा भार पेलणारी असू शकते, त्यांनी ही फी वाचवू नये.

१ आणि २ फेब्रुवारी

भिंत गेली. राडारोडा नेण्यासकट ११,००० रुपये.

भिंतीखाली जे निघालं त्याचा विचार कुणीच केला नव्हता. दोन्ही खोल्यांची फरशी वेगवेगळ्या वेळी घातलेली. जेवणाच्या खोलीची फरशी स्वयंपाकघरापेक्षा अर्धा इंच वर, आणि मध्ये साडेचार इंचांची उघडी पट्टी. गवंडी म्हणाला, “ताई, कोट्याची पट्टी उतार देऊन बसवतो, काही कळणार नाही.” एका दिवसाचं काम, स्वस्त. पण ती पट्टी नेमकी आयलंडच्या खालून आणि दोन्ही वाटांमधून आडवी जाणार होती. आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. रोज शंभर वेळा पाय पडणार तिथे अर्ध्या इंचाची ठेच ठेवायला माझं मन तयार झालं नाही. पूर्ण २४० चौरस फूट फरशी नवी घालायची ठरली. टाइल्स, माल आणि मजुरी मिळून ३८,००० रुपये आणि बारा दिवस. हा खर्च आमच्या कागदावर नव्हता. भिंत काढायची असेल तर फरशीचे पैसे पहिल्या दिवसापासूनच धरा.

६ फेब्रुवारी, गुरुवार

फरशीआधी इलेक्ट्रिशियनने झिरी मारून आयलंडसाठी काँड्युट (वायरचा पाइप) टाकला. मिक्सर आणि हँड ब्लेंडरसाठी दोन सॉकेट्स, ४ चौरस मिलिमीटरची वायर, बोर्डात वेगळा एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच). पाइप आयलंडच्या दक्षिण टोकाच्या फळीतून वर येईल अशा बेताने काढला. पुढे याच पाइपाने घोळ घातला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

फरशी झाली. नवा ग्रॅनाइटचा ओटा झाला, ३३ इंच उंच. मागच्या भिंतीला टाइल्स लागल्या. आज पहिल्यांदा तयार भिंत ते तयार भिंत टेप धरला.

१३२ इंच कुठेच नाहीत. उत्तरेला १३० इंच, दक्षिणेला १२९. जुना गिलावा मुळात फुगलेला होता, खोली गुण्यात (काटकोनात) नव्हती, आणि टाइल्स त्यांच्या मसाल्यासकट एक इंच खाऊन गेल्या. ओट्याची खोली मी २४ धरली होती. ग्रॅनाइटची बाहेर आलेली कड धरून ती २५ आहे. म्हणजे माझ्या कागदावरचे चार इंच हवेत होते. आयलंडचा सांगाडा आधीच करून ठेवला असता तर आज तो उचलून बाहेर ठेवावा लागला असता. सुतारकाका म्हणाले होते की टाइल्स लागल्याशिवाय माप घेणार नाही. मी तेव्हा घाई करत होते, ते बरोबर होते.

नवा हिशोब सगळ्यात अरुंद जागेवरून, म्हणजे १२९ वरून मांडला. ओटा २५, कामाची वाट ४१, आयलंडचा माथा २८, मागची वाट ३५. चार इंच कुणा एकाकडून काढले नाहीत. कामाच्या वाटेचा एक, ये-जा वाटेचा एक आणि बाकी आयलंडचे. ड्रॉवरना बाहेर येणारी हँडल रद्द केली, कारण दोन्ही बाजूंची दीड-दीड इंच हँडल धरली तर ४१ चे ३८ होतात. ड्रॉवरच्या दर्शनी फळीच्या वरच्या कडेलाच बोटं जातील अशी खाच घ्यायची ठरली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

फ्रिज ओट्याच्या उत्तर टोकाला ठेवायचा होता. आज तो खरोखर तिथे आणून दार उघडलं. दार २६ इंच बाहेर येतं. ४१ इंचांच्या वाटेत दार उघडं असताना मागे १५ इंच राहतात. सकाळी सगळ्यात जास्त उघडलं जाणारं दार हेच आणि नेमकं तिथेच सगळे अडकणार. फ्रिज जेवणाच्या खोलीच्या भिंतीला नेला. दूध-भाजी काढणारा माणूस आता कामाच्या वाटेत येतच नाही. हे गच्चीवरच बघायला हवं होतं. खोक्यांमध्ये आम्ही फ्रिज ठेवलाच नव्हता.

फ्रिज गेल्यावर आयलंड नऊ इंच दक्षिणेला सरकवलं, म्हणजे ते शेगडीच्या बरोबर समोर आलं. आणि मग लक्षात आलं की काँड्युट जुन्या जागी आहे. तो आता दक्षिणेकडच्या ड्रॉवरच्या बरोबर खाली, फरशीतून वर डोकावतो आहे.

नवी टाइल फोडायची म्हणून इलेक्ट्रिशियन मशीन घेऊन आलाही होता. सुतारकाकांनी थांबवलं. आयलंडच्या तळाशी चार इंचांची पोकळ पाटली आहेच, पाइप तिथूनच आडवा नऊ इंच नेऊन टोकाच्या फळीत वर काढा, आणि पाटलीची पुढची पट्टी स्क्रूने सुटी ठेवा म्हणजे जोड कधीही बघता येईल. ९०० रुपये, अर्धा दिवस. ओल्या फडक्याचं पाणी आत जाऊ नये म्हणून पट्टीच्या खालच्या कडेला सिलिकॉन भरलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

उंची. ओटा ३३ इंचांचा आहे आणि आयलंडही तेवढंच, म्हणजे दोन्ही एका रेषेत दिसतील, असं मी धरून चालले होते. आईंना उभं करून हाताचं कोपर मोजलं: ३७ इंच. चिरायला ३३ ठीक आहे, पण कणीक मळताना अंगाचा भार वरून द्यावा लागतो आणि लाटताना खांदे वर उचलले जातात. ३३ च्या ओट्यावर दहा पोळ्या लाटून झाल्या की आईंची मान दुखते, हे मी वर्षानुवर्षं ऐकते आहे.

जेवणाचं टेबल ३० इंचांचं आहे. त्यावर पोळपाट ठेवून आईंनी उभ्याने आणि साध्या खुर्चीवर बसून, दोन्ही प्रकारे लाटलं. दोन्ही जमलं. आयलंड ३० इंच ठरलं. याचा एक मोठा फायदा असा की वेगळ्या उंच खुर्च्या लागत नाहीत, १८ इंचांची घरातली खुर्ची सरळ खाली सरकते. नवरा पाच फूट दहा इंच आहे. त्याला ३० वर वाकावं लागतं. त्याचं चिरणं ओट्यावर, आमचं मळणं-लाटणं आयलंडवर, अशी वाटणी झाली. दोन उंच्या ठेवल्याने फोटोत सलग रेषा दिसणार नाही, याचं मला थोडं वाईट वाटलं आणि मग वाटेनासं झालं.

१ ते ८ मार्च

सांगाडा झाला. १८ मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय, पाटलीच्या खाली प्लॅस्टिकचे पाय, म्हणजे फरशी पुसताना प्लायला पाणी लागत नाही. ओट्याकडच्या बाजूला चार खोल ड्रॉवर, प्रत्येक २० इंच आत जाणारा. सांगाडा साडेसव्वीस इंच खोल, त्यात ड्रॉवर बसल्यावर मागे साडेचार इंच उरत होते. ते बंद करून टाकण्याऐवजी मागच्या वाटेकडे उघडी उथळ फडताळं केली. तिथे लोणच्याच्या छोट्या बरण्या, मसाल्यांचे डबे आणि मुलांच्या पाण्याच्या बाटल्या बसतात. वाटेत काही बाहेर येत नाही.

८ तारखेला ग्रॅनाइट बघायला गेलो. आई डब्यात मळलेली कणीक घेऊन आल्या होत्या. लेदर फिनिशच्या (खडबडीत पृष्ठभागाच्या) तुकड्यावर कणीक थापली, तर बारीक खळग्यांत ती बसून राहिली आणि फडक्याने निघेना. गुळगुळीत पॉलिशच्या काळ्या दगडावर एका पुसण्यात साफ झाली. दुकानदार शांतपणे बघत होते; मग त्यांनीच आणखी दोन नमुने पुढे केले. काळा, पॉलिशचा घेतला.

इथे आयलंडचं माप पैशाच्या बाजूने कामाला आलं. नेहमीची लहान लादी साधारण तीन फूट रुंद मिळते. २८ इंचांचा माथा त्यातून विनाजोड निघतो आणि उरलेल्या पट्टीतून कड जाड दाखवायची दुहेरी पट्टी निघते. माझं मूळ साडेतीन फुटांचं आयलंड असतं तर एकतर मधोमध जोड, नाहीतर मोठ्या लादीचा वेगळाच भाव. ९ फूट बाय ३ फुटांची लादी, २१० रुपये चौरस फूट, ५,६७० रुपये. १८ मिलिमीटर म्हणून दिलेली लादी कॅलिपरने १७ भरली. कापण्याचं माप होळीनंतर देते असं सांगून आलो. ती सवड मिळाली हे फार बरं झालं.

१३ मार्च, गुरुवार, होळी

सांगाडा जागेवर आहे, माथ्याचा दगड यायचा आहे. सुतारकाकांनी वर प्लायची एक मोठी फळी टाकून दिली होती. उत्तर टोकाला, जेवणाच्या बाजूला, माथा दहा इंच बाहेर येणार आणि त्याखाली पाय घालून आई बसणार, असं आखलेलं. वेल्डरने तेवढ्या मापाची लोखंडी चौकटही करून दिली होती, ३,८०० रुपये.

पुरणपोळ्या इथेच करायच्या असं आईंनी सकाळीच सांगितलं. पहिली पोळी लाटायला बसल्या आणि गुडघे फळीला लागले. त्या बाजूला वळून बसल्या, मग लाटणं तिरकं पडायला लागलं आणि पोळी एका बाजूने फाटून पुरण बाहेर आलं. पाचव्या पोळीला त्या थांबल्या. “अगं, गुडघे कुठे ठेवू मी?”

दहा इंच हा आकडा माझा. जानेवारीतल्या पहिल्या कागदावर फोटोवरून लिहिलेला, आणि नंतर उंची ३३ ची ३० केली तेव्हा मी तो पुन्हा पाहिलाच नाही. माथा जितका खाली, तितके पाय पुढे सरळ जातात आणि आत जास्त जागा लागते. त्याच अमेरिकी मार्गदर्शिकेत ३६ इंच उंचीला १५ आणि ३० इंच उंचीला १८ इंच आत जागा दिलेली आहे. मी वाटांचे आकडे तिथून घेतले आणि हा घेतला नाही.

मग आम्ही तिथेच माप घेतलं. दक्षिण टोकाला पुरणाचं भरलेलं पातेलं आणि पाण्याची कळशी वजन म्हणून ठेवली आणि फळी दोन-दोन इंच बाहेर ओढत गेलो. बारावर गुडघे अजून घासत होते. चौदावर आई ताठ बसत होत्या. सतरा-अठरावर त्यांनी खुर्ची पुढे ओढली, दोन्ही कोपरं मोकळी झाली आणि उरलेल्या बावीस पोळ्या त्यांनी न उठता लाटल्या. मी ओट्यावर भाजत होते. उठून दोन पावलं टाकावी लागत नव्हती, वळलं की पोळी हातात. ४१ इंचांची वाट कशासाठी जपली ते मला तेव्हा अंगाने कळलं.

आणखी एक गोष्ट दिसली. छताचा दिवा खोलीच्या मध्यावर होता, त्यामुळे आईंची सावली त्यांच्याच पोळपाटावर पडत होती. लटकते दोन दिवे सांगाड्याच्या मध्यावर धरले होते. ते आता बाहेर येणाऱ्या भागासकट पूर्ण माथ्याच्या मापाने विभागायचे, एक थेट पोळपाटाच्या वर.

१५ ते २० मार्च

नवं माप: माथा ७२ इंच बाय २८, त्यातला १८ इंच भाग बाहेर. जुनी चौकट पुरत नव्हती. १७ मिलिमीटरचा दगड १८ इंच हवेत सोडणं धोक्याचं आहे. कुणी त्यावर हाताने रेलून उठलं तरी तडा जाऊ शकतो, आणि आई उठताना रेलतातच. ४० मिलिमीटरच्या चौकोनी पाइपाचे दोन दांडे सांगाड्याच्या पूर्ण लांबीतून नेले, बोल्टने प्लायच्या उभ्या फळ्यांना बांधले आणि तेच दांडे पुढे दगडाखाली नेले. टोकाला पाय दिला नाही, कारण तो नेमका खुर्चीच्या पायांत येतो. वाढीव काम १,६०० रुपये. चौकट बसल्यावर नवऱ्याने टोकावर बसून बघितलं, हलली नाही.

१९ ला रंगपंचमी. नाशिकमध्ये खरा रंग त्या दिवशी, रहाडी (रंगाचे जुने हौद) उघडतात, त्यामुळे कुणीही कामावर येत नाही. बाहेरगावच्या कुणी इथे काम काढलं असेल तर धुळवडीला नव्हे, रंगपंचमीला सुट्टी धरा.

२४ मार्च, सोमवार

दगड बसला. साधारण ६० किलोचा तुकडा, चौघांनी आडवा न धरता उभा, कडेवर आणला. आडवा धरला तर स्वतःच्याच वजनाने मधून तुटू शकतो. चारही कोपऱ्यांना दोन इंचांची गोलाई घेतली, कोपऱ्यामागे २५० रुपये. धाकट्याचं कपाळ बरोबर ३० इंचांच्या वर-खाली फिरतं, त्यामुळे यावर घासाघीस केली नाही. कापणं, कडा, गोलाई आणि बसवणं मिळून ४,९०० रुपये.

एक चूक आजही झाली. कड पाऊण इंच बाहेर सांगितली होती, कारागिराने वाटेच्या बाजूला एक इंच काढली आणि ओट्याच्या बाजूला अर्धा. चिकटवण्याआधी टेप धरला म्हणून दिसलं. पाव इंच सरकवून घेतलं. दगड चिकटल्यावर हे करता येत नाही, त्यामुळे त्या वेळी तिथे उभं राहा.

३० मार्च, रविवार, पाडवा

घरात अकरा माणसं होती. श्रीखंडाच्या वाट्या, पुऱ्या लाटणं, ताटं भरणं, सगळं आयलंडवर. दोघं ओट्याशी, दोघं आयलंडशी असताना पाचवा माणूस कामाच्या वाटेत आला की गर्दी होतेच. मागच्या ३५ इंचांच्या वाटेवरून ताटं नेणारे मात्र कुणालाही न धडकता गेले. पुऱ्या लाटायला आईंच्या समोर मावशींना बसायचं होतं, ते जमलं नाही. १८ इंचांच्या भागात एकच खुर्ची नीट बसते. मावशी उभ्याने लाटत राहिल्या.

१३ एप्रिल, रविवार

आयलंडचा खर्च, ओटा सोडून, रुपयांत: इंजिनिअर २,५००, भिंत आणि राडारोडा ११,०००, फरशी ३८,०००, वीज ७,३००, सांगाडा मजुरीसकट ३४,०००, चार ड्रॉवर २१,६००, लोखंडी चौकट दोन्ही वेळची मिळून ५,४००, लादी ५,६७०, कापणं आणि बसवणं ४,९००, दोन दिवे ३,६००. एकूण १,३३,९७०. मनात धरले होते ८५,०००. फरक जवळजवळ सगळा फरशीचा आणि ड्रॉवरचा.

तीन आठवड्यांच्या वापरात दोन गोष्टी राहिल्या आहेत. मागच्या उथळ फडताळांना पुढे अडण नाही, आणि येता-जाता कोपर लागून दोनदा बरणी पडली, एक फुटली. सुतारकाका मंगळवारी स्टीलची पट्टी लावायला येणार आहेत. दुसरं, दक्षिण टोकाच्या सॉकेटमध्ये मिक्सर लावला की वायर उत्तरेच्या खुर्चीपर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे आईंना बसल्या जागेवरून चटणी वाटता येत नाही. पाटलीची पट्टी सुटीच आहे, त्यातून वायर पुढे ओढून खुर्चीच्या उजव्या हाताला एक सॉकेट घ्यायचं आहे. इलेक्ट्रिशियनने ७०० रुपये सांगितलेत. पुढच्या आठवड्यात कुरडयांचा गहू भिजत घालायचा आहे, त्याआधी दोन्ही कामं उरकायची.